तळकोकणातली रात्र: दशावताराच्या जत्रा, डबलबारी आणि त्यासाठीची आखणी

मालवण-तारकर्लीला आलेला पाहुणा दिवसभर समुद्रात डुंबतो, दुपारी सुरमईच्या ताटावर बसतो आणि रात्री जेवण झालं की आता काय करायचं म्हणून खोलीत मोबाईल उघडतो. बाजार आठ-साडेआठलाच मिटलेला असतो, रस्त्यावर दिवे तुरळक. त्याच वेळी पलीकडच्या एखाद्या गावात देवळासमोर मांडव पडलेला असतो, गोड खाज्याची दुकानं लागलेली असतात आणि एका बाकड्याभोवती पहाटेपर्यंत चालणाऱ्या नाटकाची तयारी सुरू असते. सिंधुदुर्गात रात्र जागवण्यासारखं पुष्कळ आहे, पण ते हॉटेलांच्या रस्त्याला नाही आणि त्याचा फलक पर्यटकाच्या वाटेवर लागत नाही. ते शोधायचं कसं, मुक्काम कुठं टाकायचा आणि जत्रेत गेल्यावर काय करायचं, हे क्रमानं सांगतो.

आधी मोसम पक्का करा

दशावताराचा, म्हणजे देवळासमोर रात्रभर चालणाऱ्या या पारंपरिक नाटकाचा, मोसम कार्तिकात उघडतो. तुळशीची लग्नं लागली, त्रिपुरारी पौर्णिमा झाली की गावोगावच्या जत्रा एकापाठोपाठ एक सुरू होतात. सगळ्यात दाट काळ साधारण नोव्हेंबरचा मध्य ते जानेवारी. या दिवसांत एकाच रात्री जिल्ह्यात अनेक देवळांपुढं नाटकं रंगतात, त्यामुळे एक हुकलं तरी दुसरं सापडतं. पुढे महाशिवरात्र आणि शिमगा. मे महिन्यात चाकरमानी गावी आले की सत्यनारायणाच्या पूजा, देवळांचे वर्धापनदिन अशा निमित्तांनी नाटकं ठेवली जातात. मिरग (मृग नक्षत्र) लागला की नाटक कंपन्या थांबतात, कारण नटांपैकी अनेकांना आपापल्या शेतात उतरायचं असतं. गणपती-नवरात्रात पुन्हा काही प्रयोग होतात, पण जत्रेची मजा त्यात नाही.

पहिल्यांदाच येत असाल तर डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा आठवडा धरा. थंडी बेताची असते, जत्रा भरपूर असतात आणि नाताळच्या सुट्टीतली गर्दी अजून सुरू झालेली नसते. नाताळ ते ३१ डिसेंबर या दिवसांत जत्रा असतात, पण खोल्यांचे दर चढतात आणि मालवणच्या रस्त्यावर गाड्यांच्या रांगा लागतात.

जत्रा कशी शोधायची

बहुतेक जत्रा तिथीनं ठरलेल्या असतात, म्हणून इंग्रजी तारीख दरवर्षी बदलते. सोनुर्लीच्या माऊलीची लोटांगणाची जत्रा त्रिपुरारी पौर्णिमेला लागून येते, कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला. आंगणेवाडीच्या भराडी देवीचं मात्र वेगळं. तिथं तिथी ठरलेली नाही, देवीचा कौल घेऊन दिवस ठरतो आणि तो जाहीर झाला की मुंबईची माणसं रेल्वेच्या तिकिटांमागं धावतात.

ही तीन नावं तुम्हांला कुणीही सांगेल. देवदर्शनासाठी जरूर जा. पण दशावतार बघायचा म्हणून पहिल्यांदा तिथं जाऊ नका. आंगणेवाडीला लाखोंचा समुदाय असतो, तुमचा सगळा वेळ रांगेत आणि वाहनतळावर जाईल. नाटक बघायला लहान गावातली जत्रा हवी: रवळनाथाचं किंवा सातेरीचं देऊळ, समोर चार-पाचशे माणसं, आणि पुढच्या रांगेत कांबळं पांघरून बसलेल्या आज्या.

अशी जत्रा शोधायला सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे विचारणं. तुम्ही जिथं उतरला आहात तिथल्या घरमालकांना, रिक्षावाल्यांना, एसटी स्टँडजवळच्या चहावाल्याला विचारा, "आज धयकालो खय आसा?" धयकालो म्हणजे दहीकाला. जत्रेच्या नाटकाला इथं हेच नाव आहे. हा प्रश्न ऐकला की समोरचा माणूस खुलतो आणि गावासोबत कुठली कंपनी आहे, त्यात कोण कोण नट आहेत, गेल्या वर्षी नाटक कसं झालं होतं, हेही सांगतो. दुसरा मार्ग फेसबुक आणि व्हॉट्सॲपचा. मोसमात 'आजचे दशावतार नाट्यप्रयोग' अशा याद्या रोज फिरत असतात. स्थानिक वर्तमानपत्रातही जत्रांच्या बातम्या असतात.

यादी वाचताना एक फरक ध्यानात ठेवा. 'जत्रोत्सव' असं लिहिलं असेल तर ते देवळातलं, मध्यरात्रीनंतर सुरू होऊन पहाटे संपणारं पारंपरिक नाटक. कुणाच्या पूजेनिमित्त किंवा मंडळाच्या कार्यक्रमात ठेवलेलं नाटक संध्याकाळी लवकर सुरू होतं आणि आटोपशीर असतं. 'संयुक्त दशावतार' म्हणजे वेगवेगळ्या कंपन्यांतले नावाजलेले नट एकत्र आणून केलेला प्रयोग, आणि 'ट्रिकसीनयुक्त' म्हणजे प्रकाशयोजना, धूर, चमत्कार यांची जोड दिलेला. लहान मुलं सोबत असतील तर संध्याकाळचा प्रयोग सोयीचा. पण एकच रात्र हातात असेल तर मी जत्राच निवडेन. ट्रिकसीनमध्ये डोळे दिपतात. जत्रेत नटाच्या घशावर आणि बुद्धीवरच सगळा भार असतो.

कंपनी निवडायची संधी मिळाली तर नावं माहीत असू द्या: वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, आजगावकर, चेंदवणकर, खानोलकर. नावातच गाव आहे, आणि गावकऱ्यांची आपापल्या आवडत्या कंपनीवर घरच्यासारखी माया आहे. नेरूरच्या कलेश्वर मंडळाचे सुधीर कलिंगण यांना लोक 'लोकराजा' म्हणत. ते गेले, पण त्यांच्या भूमिकांच्या आठवणी आजही मांडवात निघतात. अनेक देवळांत कुठल्या कंपनीनं नाटक करायचं हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे, तो त्या कंपनीचा मान.

मुक्काम आणि वाहन

बहुतेक पर्यटक मालवणला उतरतात. रात्रीच्या जत्रांसाठी मात्र कुडाळ किंवा सावंतवाडी बरी. दोन्ही कोकण रेल्वेवर आहेत, मुंबई-गोवा महामार्गाजवळ आहेत, आणि कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी या तीन तालुक्यांत जत्रांची दाटी जास्त. मुंबईहून कोकणकन्या रात्री निघून सकाळी पोचवते. तुतारी एक्स्प्रेस दादरहून सुटून सावंतवाडीलाच थांबते. विमानानं यायचं तर गोव्यातला मोपा विमानतळ सावंतवाडीला जवळ. समुद्र हवाच असेल तर वेंगुर्ल्यात राहा. तिथून जत्रांची गावंही फार दूर पडत नाहीत.

वाहनाची सोय संध्याकाळच्या आत करा, कारण रात्री गावाकडून परतायला एसटी मिळत नाही. रिक्षा ठरवताना जाण्यायेण्याचे पैसे आधीच बोलून घ्या आणि चालक तिथंच थांबणार की पहाटे न्यायला येणार, हेही स्पष्ट करून घ्या. पुष्कळ वेळा तो म्हणतो, "मी हयच बसतंय, माका पण नाटक बघूचा आसा." तसा माणूस मिळाला तर त्यालाच धरा, नाटकातलं निम्मं तो समजावून देईल. स्वतःची दुचाकी घेऊन जाणार असाल तर जपून. रस्ते अरुंद, वळणं आंधळी, आणि दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगराळ भागात गवे रस्त्यावर येतात.

दिवस हातात असतो, तो असा वापरा

रात्री जागायचं म्हणजे दुपारी झोप घ्यायलाच हवी. तरी सकाळचे चार तास मोकळे राहतात. ते समुद्रावर घालवण्यापेक्षा दोन ठिकाणी जा, रात्रीचं नाटक अधिक कळेल.

पहिलं पिंगुळी. कुडाळहून सावंतवाडीकडे निघालात की काही मिनिटांत हे गाव येतं. इथल्या गुढीपूर वाडीत ठाकर समाजाची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ करत आली आहेत. चित्रकथीत रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची हातानं काढलेली चित्रं एकामागून एक समोर धरतात आणि टाळ-वीणेच्या साथीनं कथा गातात. एका कथेच्या चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणतात. परशुराम गंगावणे यांना या कलेसाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या कुटुंबानं घराजवळच्या गोठ्यात ठाकर आदिवासी कला आंगण हे संग्रहालय उभं केलं आहे. आधी फोन करून जा आणि केवळ वस्तू बघून परतू नका, छोटा खेळ दाखवायची विनंती करा. चामड्याच्या बाहुलीमागं दिवा असतो, तिची सावली पडद्यावर पडते आणि बाहुली जराशी मागं सरली की तीच सावली मोठी होते. राक्षस अंगावर आल्यासारखा वाटतो तो एवढ्याच युक्तीनं. खेळाचं मानधन द्या, घासाघीस करू नका, आणि घरासाठी एखादं चित्र घ्या.

दुसरं सावंतवाडी. मोती तलावाच्या काठी राजवाडा आहे, तिकीट काढून आत जाता येतं. दरबार हॉलमध्ये कलाकार बसून गंजिफा रंगवत असतात. गंजिफा म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते. ही कला विझायला आली होती, सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती पुन्हा उभी केली. दशावतारी गंजिफात १२० पत्ते असतात: दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येकात १२ पत्ते, राजा, प्रधान आणि एक्का ते दश्शी. मत्स्याच्या रंगात मासे मोजायचे, कूर्माच्या रंगात कासवं. हे डोळ्यांखालून घालून मग रात्री मांडवात बसलात की अवतारांची गोष्ट आधीच ओळखीची झालेली असते. तिथून चितार आळीत जा. लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळं तिथं मिळतात.

त्यानंतर जेवून झोपा. संध्याकाळी सहापर्यंत.

प्रत्यक्ष रात्र

रात्री साडेआठ-नऊच्या सुमारास गावात पोचा. आधी देवळात जाऊन दर्शन घ्या. गावच्या बायका ओटी भरत असतात, तुम्हीही भरू शकता. चपला बाहेर, अंगावर साधे आणि पूर्ण कपडे. मग दुकानांतून फिरा. खाजं घ्याच: बेसनाच्या जाडसर कांड्या, वरून आल्याचा वास असलेला गूळ. बाहेर दुकानात वर्षभर मिळतं, पण जत्रेतलं ताजं खाजं दाताखाली निराळं लागतं. भजी आणि चहाच्या गाड्या पहाटेपर्यंत सुरू असतात, पण पोटभर जेवण मिळेलच असं नाही, म्हणून जेवून निघा.

पुढे पालखी निघते. ढोल-ताशांच्या गजरात देव देवळाभोवती प्रदक्षिणा घालतो, काही ठिकाणी सोबत तरंगं, म्हणजे देवाचं प्रतीक असलेल्या कापडांनी सजवलेल्या उंच काठ्या, असतात. वाट मोकळी ठेवा, तरंगांना हात लावू नका आणि मानकऱ्यांच्या मध्ये घुसून फोटो काढू नका. हा गावाचा देव आणि गावाचा विधी आहे, तुम्ही पाहुणे आहात. पालखी आत गेल्याशिवाय नाटक उभं राहत नाही, मग मध्यरात्र होवो की दीड वाजो.

या मधल्या वेळात रंगपटाकडे चला, पण परवानगी विचारून. देवळाच्या पडवीत किंवा मांडवामागं कंपनी उतरलेली असते. कंपनीचा पेटारा आधी बघा. त्यात गणपती आणि देवतांचं साहित्य असतं, त्याची पूजा झाल्याशिवाय कुणी तोंडाला रंग लावत नाही. नट मांडी घालून बसलेले, पुढ्यात हातभर आरसा, आणि प्रत्येकजण आपला चेहरा आपणच रंगवतो. स्त्रीपार्टी करणारा नट नऊवारी नेसताना बघण्यासारखा असतो. पदराची निरी बसेपर्यंत त्याचं बोलणं पुरुषाचं असतं, अंबाड्यावर गजरा माळला की मानेचा कलच बदलतो. त्या गर्दीतच कंपनीचा जाणता माणूस आज कुठलं आख्यान लावायचं ते सांगतो, प्रसंगांचा क्रम ठरतो आणि कुणी कुणाशी कुठं भिडायचं हे दोन वाक्यांत आटोपतं. लिहिलेली संहिता नाही. पुढच्या तीन-चार तासांतला जवळजवळ प्रत्येक संवाद नट रंगभूमीवर उभा राहून रचणार असतो.

नाटक सुरू झालं की पेटीवाल्याच्या बाजूला, पण कर्ण्यापासून लांब बसा. खाली बसायला चटई किंवा जाड चादर सोबत आणा, पहाटे दव पडतं, कानटोपी हवी. पेटी, पखवाज आणि झांज एवढीच साथ. रंगमंचावर एक बाकडं. तेच सिंहासन, तेच पर्वत, तेच शयनगृह. युद्धाच्या वेळी दोन योद्धे त्याच बाकड्याभोवती पखवाजाच्या लयीत फेर धरतात, आणि लय चढत जाते तशी मागची झोपलेली पोरंही उठून बसतात.

सुरुवातीचा भाग म्हणजे आड दशावतार. गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, भटजी येतात. मग काळ्या पोशाखातला, लाल जीभ लोंबणारा संकासुर. त्यानं वेद चोरलेले असतात, म्हणून विष्णू मत्स्य होऊन त्याला मारतो. पण मरायच्या आधी संकासुर मालवणीत गावाची, पुढाऱ्यांची आणि पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांची अशी खबर घेतो की मांडव हसून लोळतो. तुमच्या टोपीवरून काही बोलला तर हसा, तो तुमचा सन्मान आहे. हल्ली वेळेअभावी हा भाग पुष्कळदा आखडता घेतात किंवा गाळतात. जत्रेला जा असं आग्रहानं सांगतो ते याचसाठी, तिथं तो बघायला मिळण्याची शक्यता जास्त. आरतीचं ताट प्रेक्षकांतून फिरतं तेव्हा त्यात यथाशक्ती पैसे टाका.

मग मुख्य आख्यान. पुराणातली किंवा महाभारतातली कथा, राजे, राण्या, ऋषी, शाप, युद्ध. राजाची भाषा भरजरी संस्कृतप्रचुर मराठी, विनोदी पात्राची मालवणी. भाषा कळत नाही म्हणून घाबरू नका, मराठी वाचणाऱ्याला सगळं कळतं. ऐकण्याची जागा सांगतो: दोन मुरलेले नट सवाल-जवाबात अडकतात ती. एकजण पुराणातला दाखला फेकतो, दुसऱ्याला त्याची कल्पना नसते, तरी क्षणभरही न थांबता तो त्यावर ताण करणारा दाखला काढतो. पेटीवाला मान हलवतो, जुने प्रेक्षक "व्वा" म्हणतात. ही करामत ठरवून होत नाही, आणि मोबाईलवरच्या तुकड्यांत ती सापडत नाही, कारण तिच्यामागं आधीचा अर्धा तास उभा असतो. म्हणून अर्ध्यात उठू नका. डुलकी लागली तर तिथंच घ्या, शेजारची आजीही तेच करते आहे.

उजाडायच्या सुमाराला आख्यान संपतं आणि दहीकाला होतो, हंडी फुटते, प्रसाद मिळतो. यानंतर लगेच गाडी चालवायला बसू नका. चहा घ्या, अर्धा तास डोळे मिटा, मग निघा.

दशावताराखेरीज

डबलबारी भजनाला जरूर जा. दोन बुवा, दोन भजनी मंडळं, समोरासमोर. पहिली बारी एकाची, दुसरी दुसऱ्याची, आणि मग एकमेकांना प्रश्न, कोपरखळ्या, चालींची चढाओढ. नमन, अभंग, गवळण, गजर असा क्रम असतो, पण लोक येतात ते गजरातली पखवाजाची झड ऐकायला. गणेशोत्सवात आणि देवळांच्या कार्यक्रमांत या बाऱ्या जास्त होतात, आणि त्याही मोसमी याद्यांत सापडतात. कोणत्या बुवाची बारी आहे हे विचारून जा, कारण फरक गायकीचा आहे.

बंदिस्त नाट्यगृहातलं नाटक हवं असेल तर मालवणला मामा वरेरकर नाट्यगृह आहे. कणकवलीचं वसंतराव आचरेकर सांस्कृतिक प्रतिष्ठान आणि कुडाळचं बाबा वर्दम थिएटर्स या संस्था नाटकाची आवड टिकवून आहेत, त्यांचे कार्यक्रम चालू असतील तर सोडू नका.

शिमग्यात येणार असाल तर नेरूरचा मांड उत्सव गाठा. वाडीवाडीतून रोंबाटं, म्हणजे शिमग्याच्या मिरवणुका, निघतात, माणसांनी घडवलेल्या भव्य आकृत्या मिरवत मांडावर येतात. उत्तरेला रत्नागिरी जिल्ह्यात शिमग्याला पालख्या नाचतात, नमन-खेळे आणि जाखडी हे लोककलाप्रकार होतात. तिथं संकासुर पुन्हा भेटतो, पण त्याचा रंग आणि ढंग वेगळा, म्हणून दोन्ही बघणाऱ्याला तुलनेची गंमत येते. मे महिन्यात वेंगुर्ल्याजवळ तुळस गावचा जैतीर उत्सव असतो. शेतीची अवजारं, घोंगड्या, छत्र्या अशी पावसाळ्याची खरेदी तिथंच उरकायची पद्धत आहे.

बार आणि संगीताच्या रात्री हव्या असतील तर गोवा दीड-दोन तासांवर आहे, तिकडची माहिती सगळीकडे मिळते.

पैसे, फोटो आणि पुढची सोय

जत्रेच्या नाटकाला तिकीट नसतं. म्हणून ते फुकट आहे असं समजू नका. कंपनीला मिळणाऱ्या बिदागीत एवढ्या माणसांचा निभाव लागायचा असतो, आणि नट तर पहाटे रंग उतरवून दुसऱ्या गावच्या गाडीत बसतात. एखाद्याचं काम मनापासून आवडलं तर नाटक संपल्यावर रंगपटात जाऊन सांगा आणि पाकीट त्याच्या हातात द्या. मध्येच रंगमंचावर जाऊन नोटा देण्याचीही रीत आहे, पण गावकऱ्यांचं बघून मगच तसं करा. चित्रीकरण करायचं असेल तर देवस्थान कमिटी आणि कंपनी, दोघांना विचारा. फ्लॅश बंद. पूर्ण नाटक इंटरनेटवर टाकायचं नाही.

निघताना कंपनीच्या व्यवस्थापकाकडून पुढच्या पंधरा दिवसांची यादी मागून घ्या. बहुतेकजण आनंदानं देतात. परतीचं तिकीट दोन दिवस पुढं ढकलता येत असेल तर त्याच यादीतलं एखादं वेगळं आख्यान, वेगळ्या गावात, त्याच नटांचं बघा. पहिल्या रात्री राजा झालेला नट दुसऱ्या रात्री राक्षस होऊन येतो.